टिचबटणांचं इंग्लंड

मी आयुष्यभर शिवणयंत्रावर बसलो, पण माणसाच्या अंगावर चढेल असा एकही कपडा शिवला नाही. लग्न झालं तेव्हा सासरच्या बायकांनी 'टेलर जावई मिळाला' म्हणून हौसेने ब्लाउजपीस पुढे केले. मी सांगितलं, मला टँकरचं माप घेता येतं, बाईचं नाही. तेव्हापासून सासूबाईंचा माझ्या कौशल्यावरचा विश्वास उडाला तो उडालाच.

सौदीतल्या जुबैलमध्ये एका कंत्राटदार कंपनीच्या कॅनव्हास शॉपमध्ये मी एकवीस वर्षं काढली. रसायनांचे कारखाने, पाइपांची जंगलं, समुद्राचा खारा वारा आणि शिफ्टच्या बसेस, असं ते शहर. आमच्या शॉपमध्ये ताडपत्र्या शिवायच्या, यंत्रांच्या झुली शिवायच्या, वेल्डिंगवाल्यांचे पडदे शिवायचे आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे मोजे शिवायचे. मोजा म्हणजे उंच खांबावर वाऱ्याने फुगून राहणारी ती लाल-पांढरी कापडी नळी. विमानतळावर असते तीच. कारखान्यात वायू गळला की माणसाने आधी मान वर करून मोजा बघायचा, वारा कुठून कुठे चाललाय ते समजून घ्यायचं आणि मग पळायचं. आधी पळून मग मान वर करणारे चुकीच्या दिशेला जातात. माझ्या धंद्यातलं सगळं तत्त्वज्ञान एवढंच.

जुबैलच्या उन्हात लाल रंग आधी मरतो. पांढरा टिकतो, लाल महिन्याभरात गुलाबी होतो आणि तीन महिन्यांत म्हाताऱ्याच्या हिरड्यांसारखा दिसायला लागतो. म्हणून आमच्या शॉपने एक युक्ती काढली होती. मोज्याचे लाल पट्टे शिवून टाकायचे नाहीत, पितळी टिचबटणांनी लावायचे. विटला पट्टा की टिच टिच काढा, नवा लावा. ही युक्ती माझी होती. वार्षिक अहवालात ती एका अमेरिकन इंजिनिअरच्या नावावर गेली, ते असो.

इराकने कुवेत घेतलं त्या ऑगस्टमध्ये कणकवलीला मला मुलगी झाली. मी सप्टेंबरात रजेवर जाणार होतो. पण युद्धाची हवा तापली आणि कंपनीने सगळ्या रजा थांबवल्या. पासपोर्ट कंपनीच्या तिजोरीत. साहेबाची सही झाल्याशिवाय बाहेर जायचा शिक्का नाही. मुलीचा एक फोटो आला होता, त्यात ती दिसतच नव्हती, नुसतं कुंची घातलेलं गाठोडं होतं. तो फोटो मी मशीनच्या झाकणाच्या आतल्या बाजूला चिकटवला होता. बॉबिन बदलायला झाकण उघडलं की गाठोडं दिसायचं, आणि खरं सांगतो, त्या दिवसांत मी बॉबिन फार वेळा बदलायचो.

ज्यांची सही हवी होती ते ब्रॅडलीसाहेब. मेंटेनन्सचे मुख्य. लालबुंद चेहरा, गुडघ्यापर्यंत मोजे, चहात दूध आधी घालायचं की नंतर यावर तासभर बोलू शकणारा माणूस. आम्ही कॅम्पातले भारतीय सगळ्या गोऱ्यांना सरसकट 'अंग्रेज' म्हणायचो. हे किती धोक्याचं आहे ते मला सेफ्टी ऑफिसर मॅकीसाहेबांनी शिकवलं. मॅकी स्कॉटलंडचे. मी त्यांना एकदा सहज विचारलं, "तुमच्या इंग्लंडमध्ये थंडी फार असते का?" त्यांनी हातातला कप खाली ठेवला आणि म्हणाले, "सावंत, तुला कोणी पुणेकर म्हटलं तर?" मॅकींना पुण्याची ही माहिती कोणी पुरवली होती देव जाणे, पण प्रश्न मला हाडापर्यंत कळला.

तर सैन्य यायला लागलं. बंदरावर जहाजं, रस्त्यावर रणगाडे वाहणारे ट्रक, आणि अमेरिकन झेंडे तर इतके की कँटीनच्या केकवरसुद्धा. ब्रॅडलीसाहेबांना ते सोसेना. त्यांनी मला त्यांच्या व्हिलासाठी ब्रिटनचा झेंडा शिवायला सांगितला. नमुना म्हणून चहाचा पत्र्याचा डबा दिला, त्यावर झेंडा छापलेला होता. मी तिरक्या पट्ट्या अगदी मापात बसवल्या, सगळ्या शिवणी दुहेरी मारल्या, आणि दोरी ओवायची वरची कडी नेमकी खालच्या कोपऱ्यात ठोकली.

मला काय माहीत त्या झेंड्याला वर-खाली असतं. दांड्याकडच्या बाजूला जाड पांढरी पट्टी वर हवी, एवढाच फरक. तो फरक मला माहीत नव्हता हे ठीक आहे. ब्रॅडलीसाहेबांनाही माहीत नव्हता. आठ दिवस झेंडा व्हिलाच्या अंगणात डौलाने उलटा फडकत होता आणि साहेब रोज सकाळी त्याच्यासमोर उभे राहून चहा घेत होते. नवव्या दिवशी मॅकी तिथून गेले. फाटकावर थबकून त्यांनी अगदी काळजीच्या आवाजात विचारलं, "ब्रॅडली, सगळं ठीक आहे ना? उलटा झेंडा म्हणजे आम्ही बुडतोय, मदत पाठवा, असा अर्थ होतो."

दुपारपर्यंत ही गोष्ट सगळ्या जुबैलला कळली. वर मॅकी कँटीनमध्ये म्हणाले, की इंग्लिश माणसाची मोठी पंचाईत आहे, इंग्लंड-स्कॉटलंड सगळ्यांच्या मिळून असलेल्या झेंड्याची त्याला ओळख नाही आणि स्वतःचा झेंडा कुठल्या ट्रंकेत ठेवलाय ते त्याला आठवत नाही.

दुसऱ्या दिवशी ब्रॅडलीसाहेब शॉपमध्ये आले. दार लावलं. मला वाटलं, झेंड्याच्या कडीचं प्रकरण. पण ते स्टुलावर बसले आणि म्हणाले, "मला इंग्लंडचा झेंडा हवाय. ब्रिटनचा नाही. इंग्लंडचा. पांढऱ्यावर लाल क्रॉस. त्याला उलट-सुलट नसतं."

सौदीत क्रॉसला बंदी, हे साहेबांनाही माहीत होतं. व्हिलाच्या भिंतींआड त्यांनी काय करावं तो त्यांचा प्रश्न. पण आमचं शॉप भिंतीबाहेर, कारखान्याच्या यार्डात. तिथे मुतव्वा, म्हणजे धर्माचे पोलीस, कधी फेरी मारतील नेम नाही. माझ्या मशीनवर तसलं काही दिसलं तर मला कणकवलीला जायला साहेबाची सही लागली नसती, सरकारनेच विमानात बसवलं असतं आणि परत यायचं कायमचं खलास. घरात सहा तोंडं माझ्या मशीनवर जगत होती.

साहेबांनी माझ्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि पुढचं बोलले. त्यांचा मुलगा टॉम सैन्यात होता, ट्रक दुरुस्त करणारा. तो याच बंदरावर उतरला होता, त्यांच्या व्हिलापासून अर्ध्या तासावर, आणि बापाला ते कळलं चार दिवसांनी, पोरगा वाळवंटात गेल्यावर. "परत जाताना तो इथूनच जाईल," साहेब म्हणाले. "गेला तर. तेव्हा माझ्या घरात त्याचा झेंडा लागलेला हवा." मग त्यांना आपण फार बोललो असं वाटलं असावं. उठता उठता साहेबी आवाजात म्हणाले, "तुझा रजेचा फॉर्म माझ्या टेबलावर आहे, सावंत. रजा सुरू झाल्या की पहिली सही तुझी. माझा झेंडा तुझ्या टेबलावर."

याला लाच म्हणायचं की धमकी ते मला आजही ठरवता येत नाही. त्या वेळी मी फक्त "येस सर" म्हटलं.

शॉपमध्ये माझ्या शेजारच्या मशीनवर दापोलीचे उस्मानभाई बसायचे. माझ्याहून दहा वर्षांनी मोठे, पाच वेळचे नमाजी, आणि शिवण अशी की मापाची पट्टी लाजावी. त्यांच्यापासून लपवणं शक्यच नव्हतं, म्हणून मी सगळं सांगून टाकलं. त्यांनी पान नसताना पान चघळल्यासारखा जबडा हलवत विचार केला.

"सावंता, तू उभी पट्टी शिव," ते म्हणाले. "मी आडवी शिवतो."

"म्हणजे?"

"उभी पट्टी म्हणजे काय? पट्टी. आडवी पट्टी म्हणजे काय? पट्टी. तू क्रॉस शिवला नाय, मी पण शिवला नाय. तो साहेब घरी जाऊन काय जोडेल ते त्याच्या आणि त्याच्या देवाच्या मध्ये."

"जोडेल कशाने?"

उस्मानभाईंनी टिचबटणांचा डबा माझ्याकडे सरकवला.

अशा रीतीने एका मराठा आणि एका कोकणी मुसलमानाने इंग्लंड तीन तुकड्यांत तयार केलं. एक पांढरी चादर, एक लांब लाल पट्टी, एक आखूड लाल पट्टी. कापड मोज्याचंच. कोणी विचारलं तर मोज्याचं काम. आणि वर मी आणखी एक शहाणपणा केला. आखूड पट्टी वेळ पडली तर आडवीही लावता यावी म्हणून चादरीवर टिचबटणांची एक जादा ओळ खाली मारून ठेवली. म्हणजे कोणी अचानक आलंच, तर उभी पट्टी टिच टिच काढायची आणि खाली आडवी चिकटवायची. क्रॉसचा मागमूस नाही. आपल्या हुशारीवर आपणच खूश व्हायचं नसतं, हे मला त्यानंतर कळलं.

कारण कोणी अचानक आलंच, ते होते अबू फहद. मेन गेटच्या सिक्युरिटीचे मुख्य, सौदी, पोलिसातून निवृत्त झालेले. भला माणूस, रमजानात आम्हा हिंदूंनाही खजूर आणून द्यायचा. मी टेबलावर पट्टी जुळते का ते बघत होतो तेवढ्यात दाराची कडी वाजली. उस्मानभाईंनी खोकून इशारा दिला. मी टिच टिच टिच करून उभी पट्टी उपटली आणि खाली आडवी बसवली. अबू फहद आत आले तेव्हा टेबलावर पांढऱ्या चादरीवर दोन आडव्या लाल रेघा होत्या, वर लांब, खाली आखूड.

"एश हादा?" त्यांनी विचारलं. हे काय?

मला म्हणता आलं असतं, मोज्याचं कापड. पण घाबरलेला माणूस गरजेपेक्षा जास्त बोलतो. मी म्हटलं, "सिग्नल आहे, अबू फहद. वायू गळला की गेटवर लावायचा. टँकरवाल्यांसाठी. लांब रेघ म्हणजे थांबा, आखूड म्हणजे इंजिन बंद करा."

अबू फहदनी कापड हातात घेतलं, उजेडात धरलं, बटणं ओढून पाहिली. गेले काही महिने सगळं जग त्यांना विषारी वायूची भीती घालत होतं आणि त्यांच्या गेटला एक चांगला सिग्नल कोणी दिला नव्हता. "तय्यब," ते म्हणाले. "मिया मिया." शंभर टक्के पसंत. आणि इंग्लंड घडी करून काखेत मारून ते चालते झाले.

उस्मानभाईंनी टिचबटणांच्या डब्याचं झाकण लावलं. मग म्हणाले, "आखूड म्हणजे इंजिन बंद, हे तुला सुचलं कसं रे?"

दुसऱ्या दिवसापासून अबू फहद सकाळी तासभर सरावासाठी सिग्नल चढवायला लागले. आणि टँकर थांबायला लागले. पठाण ड्रायव्हर लांब रेघ बघून ब्रेक मारायचे, आखूड बघून इंजिन बंद करायचे आणि उतरून चहा करायचे. चौथ्या दिवशी रांग मोठ्या रस्त्यापर्यंत गेली. कारखान्याला माल पोचेना म्हणून ब्रॅडलीसाहेब जीप घेऊन संतापाने गेटवर आले, "कोणाचा हा मूर्खपणा?" म्हणत त्यांनी वर पाहिलं, आणि त्यांचा आवाज तिथेच थांबला. कापड त्यांनी ओळखलं होतं. दुहेरी शिवण त्यांनी ओळखली होती. शेजारी मॅकी उभे होते. मॅकींना मी काहीच सांगितलं नव्हतं, पण स्कॉटिश माणसाला इंग्लंडची फजिती वासाने कळते. त्यांनी वर बघत टोपी काढली आणि म्हणाले, "बघ ब्रॅडली, तुमच्या साम्राज्याला अजूनही लोक थांबतात."

सायरन झाल्याशिवाय थांबायचं नाही असं टँकरवाल्यांना सांगितलं गेलं, पण झेंडा तसाच गेटवर राहिला. मागायचा कसा? युद्ध सुरू झालं, सायरन वाजले, आम्ही खिडक्यांना टेप लावले आणि मोज्यांकडे बघत बघत काम केलं. समुद्रात तेल सुटलं तेव्हा ते अडवायला तरंगते पडदे लागले, ते शिवताना बोटांची सालं गेली. साहेब रोज गेटवरून जाताना वर बघायचे आणि मग समोर. रेडिओवर सैन्य कुवेतमध्ये शिरल्याची बातमी आली त्या आठवड्यात त्यांचा चहासुद्धा कपात तसाच असायचा. मी मात्र रोज झाकण उघडून बॉबिन बदलत होतो. आम्ही दोघंही लांबच्या पोराकडे डोळे लावून बसलो होतो, एवढं मला कळत होतं.

युद्ध संपलं. कुवेतच्या पेटलेल्या तेलविहिरींच्या धुराने भर दुपारी आकाश काळं असायचं, पण संपलं. एका गुरुवारी साहेब धापा टाकत शॉपमध्ये आले. "उद्या. दुपारी. त्याला चार तास मिळणार आहेत."

मी थेट अबू फहदकडे गेलो आणि म्हणालो, सिग्नलचा लाल रंग विटलाय, नियमाप्रमाणे बदलायला हवा. हे खोटं नव्हतं. तो चांगला गुलाबी झाला होता. बदल्यात मी त्यांना नवा कोरा सिग्नल दिला, पट्ट्या पक्क्या शिवलेला. त्यांनी तो दोन्ही हातांनी घेतला आणि मला पोटभर कॉफी पाजली. त्या भल्या माणसाला मी थाप मारली याचं मला वाईट वाटतं. पण मी जुबैल सोडलं तेव्हा तो सिग्नल कारखान्याच्या सुरक्षा पुस्तकात चित्रासकट छापलेला होता, याचं मात्र अजिबात वाईट वाटत नाही.

शुक्रवारी मी चादर आणि आम्ही दोघांनी शिवलेल्या नव्या लाल पट्ट्या हत्यारांच्या पिशवीत घालून व्हिलात पोचलो. उस्मानभाई स्वतः आले नाहीत. "जोडणीला मी नाय," म्हणाले. बैठकीच्या खोलीत सोफ्याच्या मागच्या भिंतीवर मी चादर टांगली, आडवी पट्टी लावली, उभी लावली. शेवटचं बटण टिच झालं आणि साहेबांनी नाक ओढलं. मॅकीही आले होते, बिस्किटांचा डबा घेऊन. भिंतीकडे बघून ते म्हणाले, "बरा आहे. साधा आहे. चुकायला जागा नाही." त्यांच्या तोंडून इंग्लंडला मिळालेलं हे सर्वांत मोठं प्रशस्तिपत्र.

टॉम आला. वीस-एकवीसचा, उन्हाने सोललेलं नाक, केसांत धूळ, बुटांत वाळवंट. बापाने हात पुढे केला, पोराने हात मिळवला, आणि दोघंही तसेच हात धरून उभे राहिले, सोडायचं कोणाला सुचेना. मग साहेबांनी भिंतीकडे बोट दाखवलं. पोराने पाहिलं. "छान आहे, डॅड," म्हणाला. "खायला काही आहे?"

अर्धं सँडविच हातात असतानाच तो सोफ्यावर कलंडला. बोलता बोलता, वाक्याच्या मध्ये. असा गाढ झोपला की मॅकींनी हातातलं सँडविच काढून घेतलं तरी कळलं नाही. एसीचा गारठा सुटला होता. पोराने अंग आवळून घेतलं.

आमच्याकडे कोणी पोर असं झोपलं की हाताशी येईल ते घालतात. धोतर, साडी, टॉवेल, काहीही. मी जन्माचा कापडवाला. हाताशी सगळ्यात मोठं कापड भिंतीवर होतं. मी मागेपुढे न बघता झेंडा कड्यांतून सोडवला आणि पोराच्या अंगावर पायांपासून हनुवटीपर्यंत नीट पसरला. लाल उभी पट्टी बरोबर छातीवरून गेली.

"काढ ते," ब्रॅडलीसाहेब म्हणाले.

मी समजलो नाही. वळून पाहिलं तर त्यांचा लाल चेहरा पांढराफटक पडला होता. त्यांनी पुढे होऊन झेंडा पोराच्या अंगावरून ओढला, इतक्या जोरात की दोन टिचबटणं उडून फरशीवर गेली. आणि मग मला समजलं. असे झेंड्याखाली निजलेले जवान मी वर्तमानपत्रात पाहिले होते. आपल्याकडचेही. मी "सॉरी सर" म्हणालो.

साहेब कापडाचा गोळा छातीशी धरून उभे होते. मॅकी उठले. त्यांनी झेंड्याची दोन टोकं साहेबांच्या हातातून घेतली, दोघं खोलीच्या दोन बाजूंना सरकले आणि त्यांनी धुतलेल्या चादरीची करतात तशी त्याची घडी केली. कपाटात ठेवला. साहेबांनी आतून एक जुनी चौकड्यांची घोंगडी आणली आणि पोराला पांघरली. त्याच्या नाकाजवळ हात नेऊन श्वास बघितला. मग सोफ्याच्या पायथ्याशी, खाली गालिच्यावर बसले.

मी पिशवी आवरली. दाराशी जाऊन हळूच विचारलं, "सर, जागा झाला की परत लावू का भिंतीवर?"

"नको," ते म्हणाले. "राहू दे कपाटात." मग माझ्याकडे जरा वेळ बघत राहिले, जणू मी आत्ताच खोलीत आलोय. त्यांनी मला जवळ बोलावलं, खिशातून माझा घडी घातलेला फॉर्म काढला, तो गुडघ्यावर ठेवून सही केली. किती दिवस या रकान्यात माझे तीस खोडून साठ लिहिले. सही वाळायच्या आधीच विचारलं, "मुलीचं नाव काय?"

सात महिन्यांत त्यांनी हे कधी विचारलं नव्हतं. मी म्हटलं, "अजून ठेवलं नाही, सर. आमच्याकडे नाव ठेवायचा कार्यक्रम असतो. तो माझ्यासाठी थांबवून ठेवलाय."

साहेबांनी झोपलेल्या पोराकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"मग इथे काय उभा आहेस?" ते म्हणाले.